पावसाच्या दिवशी या शहरात बसायचे कुठे?

जून उजाडला की मुंबईतल्या मोठ्या दैनिकांच्या पुरवण्यांना पावसाचे भरते येते. 'पावसात मुंबईत काय काय कराल?' अशा मथळ्याची यादी दरवर्षी न चुकता छापली जाते. मरीन ड्राइव्हवर लाटा बघा, कणीस खा, कांदाभजी आणि कटिंग चहा घ्या, मॉलमध्ये सिनेमा पाहा, गाडी काढून लोणावळ्याला जा. यादीत वाईट असे काही नाही. पाऊस पाहून आनंद होणे हा माणसाचा स्वभाव आहे आणि आमच्या वस्तीतले पोरही पहिल्या पावसात अंगणात नाचतेच. पण ही यादी कोणासाठी लिहिली आहे, हा प्रश्न विचारायलाच हवा. ज्याला पावसाच्या दिवशी घरी कोरडे अंथरूण आहे, कामावर न गेल्यास पगार कापला जात नाही आणि खिशात दोनशे रुपये मोकळे आहेत, अशा माणसासाठी ती आहे. उरलेल्या मुंबईचा त्या यादीत समावेश नाही. असलाच तर कणीस भाजणारा म्हणून आहे!

पाऊस सर्वांवर सारखा पडतो असे म्हणतात. मुंबईत तेही खरे नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. त्याच दिवशी कुलाब्याला पाऊस झाला सुमारे ७३ मिलिमीटर. एकाच शहराची ही दोन टोके. त्या दिवशी मिठी नदीच्या काठावरच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. हे झाले निसर्गाचे. पण पाणी कोणाच्या घरात शिरावे, दरड कोणाच्या डोक्यावर यावी हे निसर्ग ठरवीत नाही. ते ठरविते शहराची रचना. २ जुलै २०१९ च्या पहाटे मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची संरक्षक भिंत कोसळली ती झोपड्यांवर. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरच्या माहुल भागात आणि विक्रोळीत भिंत आणि दरड कोसळली तीही झोपड्यांवर. टेकडीच्या पायथ्याशी, नाल्याच्या कडेला, भिंतीच्या आडोशाला कोण राहतो? ज्याला गावाबाहेर राहण्याची शिक्षा शतकानुशतके झाली, तोच शहरात आला आणि शहरानेही त्याला कडेलाच जागा दिली.

२०२५ साली मान्सून २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. नुकतेच सुरू झालेले आचार्य अत्रे चौकाचे भुयारी मेट्रो स्थानक त्या दिवशी पाण्याने भरले आणि साऱ्या वाहिन्यांनी दिवसभर तेच दाखविले. कोट्यवधींच्या स्थानकात पाणी शिरले ही बातमी खरीच. पण त्याच दिवशी किती घरांत पाणी शिरले, किती बायांनी रात्रभर तांब्याने पाणी उपसले, किती मुलांची वह्यापुस्तके भिजली, याचा हिशेब कोणत्या वाहिनीने मांडला?

म्हणून पावसाच्या दिवशी काय करावे, या प्रश्नाकडे आम्ही करमणुकीचा प्रश्न म्हणून पाहत नाही. आमच्या मते या प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न आहेत. डोक्यावर छप्पर राहील काय? हाताला काम नसताना चूल पेटेल काय? आणि ही दोन्ही सोय झाली, तर मिळालेल्या वेळेचे आपण करणार काय?

पहिला प्रश्न छपराचा. १३ जुलै १९८१ रोजी, ऐन पावसाळ्यात, तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतील फुटपाथवासीयांना हुसकावून शहराबाहेर पाठविण्याचा आदेश जाहीर केला. भर पावसात झोपड्या मोडून माणसे गाड्यांत भरली गेली. त्यातून जो खटला उभा राहिला तो 'ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका' या नावाने देशभरच्या विधी महाविद्यालयांत शिकविला जातो. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. या निकालातली एक गोष्ट वर्गात फारशी सांगितली जात नाही. पावसाळा संपून एक महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, झोपड्या हटवू नयेत असे न्यायालयाने सांगितले. पावसात माणसाला उघड्यावर टाकणे हे कायद्याच्या राज्याला शोभत नाही, एवढी माणुसकी त्या ओळीत होती.

पुढे हेच तत्त्व शासनाच्या निर्णयांत आले. २०२१ च्या शासन निर्णयाप्रमाणे, अपवाद वगळता, १ जून ते ३० सप्टेंबर या काळात राहत्या झोपड्या पाडता येत नाहीत. कागदावर हे लिहिलेले आहे. आणि जमिनीवर? ६ जून २०२४ रोजी पवईतील जयभीम नगर पालिकेने पोलीस बंदोबस्तात जमीनदोस्त केले. तारीख पुन्हा वाचावी, ६ जून! बंदीचा काळ सुरू होऊन पाच दिवस झालेले. शेकडो कुटुंबे रस्त्यावर आली आणि तो पावसाळा त्यांनी शेजारच्या फुटपाथवर ताडपत्रीखाली काढला. लेकरे तिथेच, म्हातारी माणसे तिथेच. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि विशेष तपास पथकामार्फत चौकशीचा आदेश झाला. न्यायालयाचे दार ठोठावल्यावर ते उघडले ही समाधानाची बाब. पण ज्या रात्री पाऊस पडत होता, त्या रात्री शासन निर्णयाची प्रत कोणाच्या हातात होती? ज्या वस्तीला बाबासाहेबांच्या जयघोषाचे नाव आहे, त्या वस्तीच्या प्रत्येक घरात हा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेला असला पाहिजे. पावसाच्या दिवशी करण्याच्या गोष्टींत आमच्या यादीतली ही पहिली गोष्ट. शिधापत्रिका, वीजबिल, मतदार ओळखपत्र, झोपडीच्या पुराव्याचे कागद यांच्या दोन-दोन प्रती काढा, एक संच नातेवाइकाकडे ठेवा आणि सोबत तो शासन निर्णय ठेवा. बुलडोझर आला की वकील शोधण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात घर गेलेले असते.

दुसरा प्रश्न रोजीचा. मुंबई हे बंदराचे शहर आहे. कोकणातून, घाटावरून आलेल्या आपल्या कितीतरी माणसांनी गोदीत ओझी वाहिली. पाऊस जोराचा लागला की धान्याची, खताची, साखरेची बोट उघडता येत नाही. माल भिजतो म्हणून काम थांबते. माल भिजू नये याची काळजी सर्वांना होती. मजुराचे काय? तो सकाळी गोदीच्या दारात उभा राहून, काम नाही म्हणून, भिजत परत जात असे. या अन्यायाची दखल १९४८ च्या गोदी कामगार रोजगार नियमन कायद्याने घेतली. काम उपलब्ध नसेल त्या काळातही नोंदणी झालेल्या कामगाराला किमान वेतन मिळावे, अशी योजना करण्याची तरतूद त्या कायद्यात होती. कामगार हजर राहिला, काम मिळाले नाही, हा त्याचा दोष नव्हे, हे तत्त्व या शहराच्या बंदरावर तेव्हाच मान्य झाले होते.

आज गोदीची जागा नाक्याने घेतली आहे. मराठवाड्यातून दुष्काळाने हाकललेली माणसे सकाळी सात वाजता नाक्यावर थापी, फावडे, रंगाचा ब्रश घेऊन उभी असतात. जुलैत बांधकामे मंदावतात. दहा वाजेपर्यंत कोणी बोलावले नाही तर दिवस गेला. अशा माणसाला 'पावसाचा आनंद लुटा' म्हणून सांगणे ही क्रूर थट्टा आहे. यावर उपाय नाही असे कोणी सांगू नये. २०२१ च्या नोव्हेंबरात दिल्ली आणि आसपासच्या भागात हवा विषारी झाली म्हणून बांधकामे थांबविण्यात आली. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितले की, बांधकाम कामगारांच्या नावाने जमा झालेल्या उपकराच्या निधीतून त्यांना या काळाचा निर्वाहभत्ता द्या. दिल्लीत धुरामुळे काम थांबले तर भत्ता मिळतो, मग मुंबईत अतिवृष्टीचा लाल इशारा देऊन शासनच लोकांना घरी बसायला सांगते त्या दिवशी तो का मिळू नये? बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे उपकर महाराष्ट्रातही जमा होतो. लाल इशाऱ्याचा दिवस हा भरपगारी दिवस, ही मागणी आंबेडकरी कामगार संघटनांनी याच पावसाळ्यात लावून धरली पाहिजे. आणि ज्या नाका कामगाराची मंडळाकडे नोंदणी झालेली नाही, त्याची नोंदणी करून देणे हे पावसाच्या दिवशी करण्याचे दुसरे काम. तो त्या दिवशी मोकळा असतो आणि आपले पदवीधर तरुणही मोकळे असतात. टेबल मांडा, अर्ज भरा.

याच पावसात ज्यांना सुट्टी नाही अशीही माणसे आहेत. शहर तुंबले की मॅनहोलच्या तोंडाशी उभा राहतो तो सफाई कामगार. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा २०१३ साली आला. गटारात मृत्यू झाल्यास तीस लाख रुपये भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सांगितले. तरी कंत्राटदाराचा माणूस दोरी बांधून आत उतरतोच. आपल्या गल्लीत असे घडताना दिसले तर खिडकीतून पाहत बसू नये. काम थांबवावे, छायाचित्र काढावे, तक्रार द्यावी. भरपाई मेल्यानंतर मिळते, माणूस मरण्याआधी वाचवायचा आहे.

आता तिसरा प्रश्न, आणि आमच्या मते तो या दोहोंइतकाच मोलाचा आहे. गरिबाला फुरसतीचा हक्क आहे की नाही? काही मंडळींना वाटते की, ज्याची चूल पेटत नाही त्याने विरंगुळ्याचे नाव काढू नये. ही विचारसरणी मनुवादीच आहे. शूद्राने राबावे आणि द्विजाने चिंतन करावे, हेच ती वेगळ्या शब्दांत सांगते. फुरसत मिळाली नाही तर माणूस वाचणार कधी, विचार करणार कधी, संघटित होणार कधी?

बाबासाहेब परळच्या चाळीतल्या एका खोलीत शिकले. घरात गर्दी, रात्री अभ्यासाला बसायचे तर आधी इतरांनी झोपायचे. म्हणून ते शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत जाऊन पुस्तक उघडीत. तिथेच विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना पाहिले आणि पुढे जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. आम्ही यातून एवढाच बोध घेतो की, गरिबाच्या पोराला शहराने एक बाक दिला आणि त्या बाकावर इतिहास घडला. पण बागेवर छप्पर नव्हते. पावसाचे चार महिने तो बाक निरुपयोगी! आजही आपल्या वस्त्यांतली हजारो पोरे दहा बाय बाराच्या खोलीत, टीव्हीच्या आवाजात, गळक्या पत्र्याखाली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. पाऊस आला की बाग बंद, गच्ची बंद, रस्त्यावरचा दिवा बंद. ज्याच्याकडे पैसे आहेत तो कॉफीच्या दुकानात दोनशे रुपये मोजून तीन तास बसतो. ज्याच्याकडे नाहीत त्याने बसायचे कुठे? शहरातली कोरडी, उजेडाची, फुकट बसायची जागा हाच खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे, आणि तेही एका बंदराच्या शहरात. भगवान बुद्धांनी भिक्खूसंघाला पावसाळ्याचे तीन महिने भटकंती थांबवून एका जागी राहण्यास सांगितले. पावसात उगवलेले कोवळे गवत आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जाऊ नयेत, हे त्याचे एक कारण. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा हा वर्षावास. थांबायचे तर छप्पर हवे, पाणी हवे. कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी कोरली गेली ती याच गरजेतून. आजही भर पावसात तिथे गेले तर दिसते की, प्रत्येक लेण्याशेजारी खडकात पाण्याचे टाके आहे, शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हटले आहे. ओसरीवर बसायला दगडी बाक आहेत, पागोळ्यांचे पाणी टाक्यात जावे म्हणून पन्हळ्या कोरल्या आहेत. हे सारे राजांनी केले नाही. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांतले व्यापारी, सोनार, लोहार यांनी आपल्या कमाईतून दिले, आणि त्यांची गावे, त्यांचे धंदे शिलालेखांत कोरलेले आहेत.

सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा. जिथे दर पावसाळ्यात रुळांवर पाणी येते आणि लोकल बंद पडते, तेच प्राचीन शूर्पारक बंदर. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात शूर्पारकासह चार ठिकाणी प्रवाशांसाठी निवारागृहे बांधल्याचा उल्लेख आहे. आपल्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावेत, म्हणून त्याने विणकरांच्या श्रेणीकडे कायम ठेव ठेवली. दान त्याने ब्राह्मणांनाही दिले, हे लपविण्याचे कारण नाही. मुद्दा असा की, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावरच्या बंदराने ओळखले होते की, बाहेरून आलेल्या माणसाला छप्पर देणे हे शहराचे काम आहे. आजच्या महानगराला ते समजू नये?

त्याच सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढे १९५६ साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा भाग मिळाला. आठव्या लेखाचा विषय आहे फुरसत! पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी विहारयात्रा काढीत. अशोकाने बोधिवृक्षाला भेट दिल्यानंतर त्याऐवजी धम्मयात्रा सुरू केली. लोकांना भेटणे, वृद्धांना साहाय्य करणे, धम्माची चर्चा करणे हा त्याचा आनंद झाला. नववा लेख सांगतो की, लोक नाना मंगलविधी करतात, पण दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे हे खरे मंगल. मोकळा वेळ कसा घालवावा आणि राबणाऱ्याशी कसे वागावे, हे दोन्ही धडे एकाच बंदराच्या दगडावर कोरलेले होते. पुरवण्यांच्या यादीपेक्षा ही यादी आम्हाला जवळची वाटते.

मग आपण काय करावे? सुट्टीच्या पावसाळी दिवशी लेकरांना घेऊन छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. तिथे सोपाऱ्याचा शिलालेख दाखवा, मीरपूरखासच्या स्तूपावरील बुद्धमूर्ती दाखवा. पाऊस उतरला की कान्हेरीला जा, मात्र ओढ्याच्या वाहत्या पाण्यात उतरू नका, आणि सोमवारी उद्यान बंद असते हे लक्षात ठेवा. दादरला राजगृह पाहा. पुस्तकांसाठी घर बांधणारा माणूस कसा होता ते मुलांना सांगा. फोर्टात आनंद भवन, बुद्ध भवन दाखवा. १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले ते नोकरी करून शिकणाऱ्यांना दार उघडे व्हावे म्हणून.

पण खरे काम आपल्या दारातले आहे. मुंबईत विहार नाही अशी आपली वस्ती क्वचित सापडेल. समाजमंदिरे आहेत, बुद्ध-आंबेडकर जयंती मंडळांच्या खोल्या आहेत. वर्षावासात तिथे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते, ही मोठी परंपरा आहे आणि ती बहुतांशी आपल्या मायभगिनींनी टिकविली आहे. परंतु संध्याकाळचा तास संपला की विहाराला कुलूप लागते. दिवसभर पंखे बंद, दिवे बंद, सतरंज्या गुंडाळलेल्या. शेजारच्या खोलीत पोरगी गळक्या छताखाली बारावीचा अभ्यास करते आणि तिच्यापासून वीस पावलांवर कोरडी, उजेडाची जागा कुलपात आहे. विहाराचे पावित्र्य कुलपाने राखले जात नाही, वापराने राखले जाते. वर्षावासाच्या समारोपाला भोजनदानावर जो खर्च होतो, त्यातला काही भाग दोन टेबले, दहा खुर्च्या, एक पुस्तकांचे कपाट आणि विजेचे बिल यांवर करावा. सकाळी नऊ ते रात्री दहा विहार उघडा ठेवावा. नाक्यावरून परत आलेला मजूर तिथे दुपारी वर्तमानपत्र वाचील, लेकरे गृहपाठ करतील, आठवड्यातून एक दिवस वकिलाने येऊन कागद तपासावेत. हा खरा वर्षावास.

पुनर्विकासाच्या लाटेत ही जागा टिकवावीही लागेल. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळीतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. पक्के घर मिळाले याचा आनंदच आहे. पण चाळीचा लांब व्हरांडा, जिथे पावसात कपडे वाळत, पोरे खेळत, सभा भरत, तो टॉवरमध्ये नसतो. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत बालवाडी आणि कल्याण केंद्रासाठी जागा ठेवणे नियमाने बंधनकारक आहे. त्या खोलीचे आज काय चालले आहे ते रहिवाशांनी पाहावे. कुठे ते कार्यालय झाले आहे, कुठे गोदाम. मंजूर नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात मागवा, त्यावर त्या खोलीचे नाव काय लिहिले आहे ते वाचा आणि चावी मागा. तीच तुमची अभ्यासिका.

पाऊस यंदा येईल, पुढल्या वर्षीही येईल. समुद्र हटणार नाही आणि हवामान अधिक लहरी होणार आहे. छपरासाठी लढणे, बुडालेल्या रोजीसाठी लढणे आणि मिळालेल्या वेळेत शिकणे, या तीन गोष्टी वेगवेगळ्या नाहीत. ज्या समाजाला बाबासाहेबांनी ग्रंथ हाती देऊन उभे केले, त्याने पावसाच्या दिवशी आधी आपल्या विहाराचे कुलूप काढावे. पालिकेच्या शाळा, सभागृहे आणि वाचनालये पावसाळ्यात दिवसभर खुली ठेवण्याची मागणी त्यानंतर मोठ्या आवाजात करावी. स्वतःचे दार उघडे असले की दुसऱ्याचे दार ठोठावताना हात कचरत नाही.

जयभीम!